आईच्या आईकडून आलेलं

तुमची आई शाळेत शिकत होती, तेव्हा बाभुळगावच्या एका छोट्या दवाखान्यात तिला जेंटामायसिन नावाचं इंजेक्शन दिलं गेलं. ते तिला द्यायला नको होतं. का नको होतं आणि पुढे काय झालं, हे मला तुम्हा दोघांना क्रमाने सांगायचं आहे. फोनवर ते जमत नाही, कारण मध्येच तुमची शाळेची बस येते. शिवाय ही गोष्ट फक्त तुमच्या आईची नाही. तुमच्या दोघांच्याही शरीरात ती आहे, म्हणून लिहून ठेवते.

मी तेव्हा पुसदला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते, हे तुम्हाला माहीत आहे. बारावीच्या मुलांना मी पेशीतल्या तंतुकणिका शिकवायची. तुमच्या पुस्तकात त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. खाल्लेल्या अन्नातून वापरता येईल अशी ऊर्जा काढण्याचं मोठं काम त्यांच्याकडे असतं. या तंतुकणिका मुळात आपल्या नाहीत. अब्जावधी वर्षांपूर्वी एक जिवाणू दुसऱ्या पेशीच्या आत शिरला. पेशीने त्याला पचवलं नाही, त्याने पेशीला मारलं नाही, आणि दोघं एकत्र नांदायला लागले. नवी सून जशी आपलं सामान हळूहळू घराच्या मोठ्या कपाटात लावून टाकते, तशी त्याने आपली बहुतेक जनुकं पेशीच्या केंद्रकाकडे सोपवली.

त्यामुळे एक अडचण झाली. त्याला लागणारी प्रथिनं आता बाहेर तयार होऊ लागली, आणि ती आत आणायची तर वाट हवी. तंतुकणिकेला दोन भिंती असतात आणि दोन्हींत दारं असतात. आत जायच्या बहुतेक प्रथिनांच्या टोकाला पत्ता जोडलेला असतो. दारावर तो पत्ता ओळखला जातो, प्रथिनाची घडी उलगडलेली असते, आणि सुईतून दोरा ओढावा तसं ते आत ओढून घेतलं जातं. आत पोचलं की पत्त्याचा तुकडा कापून टाकतात. इतकी शिस्तशीर व्यवस्था आहे की दर वर्षी शिकवताना मला नव्याने बरं वाटायचं.

पण त्या जिवाणूने सगळंच दिलं नाही. थोडी जनुकं त्याने स्वतःजवळ ठेवली, आणि त्यांच्यावरून प्रथिनं तयार करणारं आपलं छोटं यंत्रही ठेवलं. ते यंत्र आजही जिवाणूंच्या यंत्रासारखं आहे. हा ठेवा मुलांना फक्त आईकडून मिळतो, वडिलांकडून नाही.

जेंटामायसिन जिवाणूंच्या नेमक्या याच यंत्रात बिघाड करतं आणि त्यांना मारतं. बहुतेक माणसांच्या तंतुकणिकेतलं यंत्र काळाच्या ओघात एवढं बदललं आहे की औषध तिकडे फारसं वळत नाही. काही थोड्या घरांत मात्र त्या यंत्राच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, आणि त्या बदलाने यंत्राचा चेहरा पुन्हा जुन्या जिवाणूसारखा होतो. मग औषध त्यालाही जिवाणू समजतं. कानाच्या आतल्या नाजूक पेशी त्यात मरतात आणि पुन्हा येत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनचंही तसंच.

हे मला कॉलेजच्या पुस्तकातून कळलं नव्हतं. नागपूरला शिक्षकांचा उजळणी वर्ग होता. तिथे एका पाहुण्या प्राध्यापकांनी हा विषय जाता जाता सांगितला, आणि मी लिहिता लिहिता थांबले, कारण ते माझ्या मावशीबद्दल बोलत होते.

माझी मावशी नेरजवळच्या खेड्यात राहायची. तरुणपणी तिला क्षय झाला, सुया घेऊन ती बरी झाली आणि ठार बहिरी झाली. विहारात वंदना सुरू झाली की ती शेजारणीच्या ओठांकडे बघून म्हणायची, त्यामुळे सगळे थांबले तरी तिचा शेवटचा शब्द मागून एकटा यायचा. लहानपणी आम्ही त्याला हसायचो आणि आई आम्हाला चिमटे काढायची. मामाचंही तेच झालं, पायाची जखम चिघळली तेव्हा. मावशीच्या मुलीचंही झालं, बाळंतपणानंतरच्या तापात. मामाच्या मोठ्या मुलाला मात्र पुढे तेच इंजेक्शन दिलं आणि त्याला काही झालं नाही. घरचे म्हणत, ज्याचं त्याचं नशीब. नागपूरहून परत येताना मी एसटीत हिशेब मांडला. मावशी आणि मामा दोघांना ते त्यांच्या आईकडून आलं होतं. मावशीने ते मुलीला दिलं, मामाला मुलाला देता येत नव्हतं. माझी आई त्यांची सख्खी बहीण. म्हणजे ते माझ्यात होतं, आणि तुमच्या आईतही.

मी तुमच्या आजोबांना हे सांगितलं होतं, तुमच्या आईलाही सांगितलं होतं. कोणी सुई लावायला आलं की आधी औषधाचं नाव विचारायचं, हे तिला पाठ होतं. पण अंगात फणफणून ताप असलेली मुलगी नाव विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती बाभुळगावजवळ आपल्या गावी गेली होती, मोठ्या बाबांकडे. माझे हे मोठे दीर शेती बघायचे. कापसाची ती वाईट वर्षं होती. वेचणी सुरू झाली होती, भाव पडले होते, आणि सकाळचा पेपर उघडताना प्रत्येक घरात आधी गावाचं नाव वाचलं जायचं, मग आत्महत्येची बातमी. तुमचे आजोबा नोकरीवर गडचिरोलीला होते. माझं कॉलेज सुट्टीतही परीक्षेच्या कामासाठी अर्धा दिवस असायचं. तिथल्या ऑफिसात मला भाऊजींचा फोन आला.

"बाई, घाबरू नका," ते म्हणाले. "पोट्टीले थंडी वाजून ताप भरला होता. काल भरती केली दवाखान्यात. लघवीत जंतू झाले म्हनते डॉक्टर, किडनीपर्यंत गेले. सुया चालू हायेत. ताप उतरून राह्यला."

"कोणती सुई लावली, भाऊजी?"

"सुईचं नाव कोन विचारते?"

"तुम्ही विचारून या. मी फोन धरते."

ते गेले. फोनमधून बाईकचे हॉर्न आणि कोणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं. परत आले ते नाव अडखळत वाचतच आले. "जेंटामायसिन. काल संध्याकाळी देल्ली, आज सकाळी देल्ली. आता संध्याकाळी हाये."

"संध्याकाळची देऊ नका म्हणावं. मी निघाले."

"काहून?"

"तिच्या कानाला धोका आहे. माझ्या मावशीला अशाच औषधाने..."

"तुमची मावशी कुठं आली याच्यात?" त्यांचा आवाज चढला नाही, फक्त कोरडा झाला. "डॉक्टरनं मले इचारलं होतं, घराण्यात कोनी बह्यरं हाये का म्हनून. म्या सांगतलं, नाही. खोटं सांगतलं का? आमच्या सात पिढ्यांत कोनी बह्यरं नाही."

ते खरंच बोलत होते. माझ्या लग्नात हेच भाऊजी मावशीच्या शेजारी पंगतीत बसले होते आणि तिच्या कानाशी ओरडून तिला जिलेबीचा आग्रह करत होते. मावशी बहिरी आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण डॉक्टरांनी विचारलं घराणं, आणि घराणं म्हणजे बापाचं. मुलीच्या आईची मावशी त्यात कुठून येणार? आपल्याकडे कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. मलाही नागपूरला जाईपर्यंत दुसरं सुचलं नसतं.

मी दवाखान्यात फोन लावायचा प्रयत्न केला, तो लागला नाही. मिळेल ती गाडी धरून निघाले. दिग्रस, दारव्हा, यवतमाळ. यवतमाळहून बाभुळगावची गाडी सुटली खरी, पण गावाच्या अलीकडे थांबली. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको होता. रस्त्यावर कापसाच्या बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या, बैल सोडून बाभळींना बांधले होते. कंडक्टर म्हणाला, तास लागेल नाही तर चार लागतील. मी पर्स खांद्याला अडकवून उतरले आणि गाड्यांच्या मधून वाट काढत चालू लागले. "मॅडम, कुठं चालल्या, बसा न भाकर खायले," कोणी तरी म्हणालं. मी दवाखाना एवढंच म्हटलं. एका माणसाने आपल्या गाडीची धुरी उचलून मला वाट करून दिली.

दवाखान्यात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. तुमची आई खाटेवर डोळे मिटून पडली होती, हाताला सलाइन. उशाशी तिची मोठी आई बसली होती, माझी जाऊ. मी हाक मारली. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. ती आवाजाने वळली की सावली बघून, ते मला कळलं नाही.

डॉक्टर तरुण होते, बोलायला शांत. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही.

"मॅडम, मी विचारलं होतं," ते म्हणाले.

"विचारलंत. उत्तरही खरंच मिळालं. फक्त ते वडिलांच्या बाजूचं मिळालं."

"कोणाची तपासणी झाली आहे?"

"नाही. ती कुठे होते हेही मला माहीत नाही. माझ्याकडे फक्त माणसं आहेत." मग मी त्यांना माणसं सांगितली. मावशी, मामा, मावशीची मुलगी. मामाच्या मुलाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "त्याला हेच दिलं होतं? नक्की?" मी हो म्हटलं.

"मी वाचलं आहे याबद्दल," ते म्हणाले. "पाहिलं नाही कधी. पण माझंही ऐका. औषध लागू पडलंय, ताप उतरतोय. ते सोडून दुसरं दिलं आणि त्याला हे जंतू दाद देत नसतील तर? लघवीचा रिपोर्ट अजून आलेला नाही. आणि दुसरं औषध माझ्याकडे नाही. इथल्या दुकानातलं संपलंय, यवतमाळहून येणारा माल त्या रास्ता रोकोत अडकलाय."

भाऊजी दाराशी उभे होते. "डॉक्टरसाहेब, कान गेला तर जाऊ द्या," ते म्हणाले. "पोट्टी राह्यली पाह्यजे."

मला त्यांचा राग आला नाही. दारव्ह्याच्या पुढे खिडकीशी बसून मी स्वतः तेच म्हटलं होतं, आणि मग मावशीचा मागे राहिलेला एकटा शब्द आठवून ते परत घेतलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, "दुसरं औषध आलं तर बदलाल?"

"दिवे लागायच्या आत आलं तर बदलतो. नाही आलं तर हेच देणार. मधे खंड पडू देणार नाही. आणि तेव्हा तुम्ही आडव्या यायचं नाही."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. मी ती घेऊन भाऊजींकडे वळले. त्यांनी हात पुढे केला नाही.

"सात पिढ्यांत नाही," ते पुन्हा म्हणाले, या वेळी हळू.

"तुमच्या घरात नाहीच, भाऊजी. माझ्यात आहे. माझ्या आईकडून आलंय, तिच्या आईकडून तिला आलं होतं. तुमच्या घरच्या कोणालाही ही सुई खुशाल द्या. हिला नको."

"पोट्टी आमच्या घरची नाही काय मंग?"

माझी जाऊ उठली. "तुमी इथं घराणं मोजत बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "ते कागद मले द्या, मी जातो पायी. मले काय लाज नाही."

भाऊजींनी चिठ्ठी घेतली, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि बाईक काढली. मोठ्या रस्त्याने जाणं शक्य नव्हतं, ते शेतांमधल्या पांदणीने यवतमाळकडे गेले.

त्यानंतरचा वेळ मला अजून नको वाटतो. तुमच्या आईचा ताप पुन्हा चढू लागला. जाऊ कपाळावर पट्ट्या ठेवत होती. मी पायथ्याशी बसले होते. एकदा मुलगी म्हणाली, "आई, शिट्टी बंद कर ना."

"कोणती शिट्टी?"

"कुकरची. कधीची वाजतेय."

तिथे कुकर नव्हता. मी डॉक्टरांना बोलावून सांगितलं. तापातही कान वाजतात, ते म्हणाले. पण जाताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

भारनियमनामुळे वीज गेली होती. सिस्टरने बॅटरीचा दिवा लावला, ट्रे घेऊन आल्या, इंजेक्शन भरायला बाटली हातात घेतली. बाहेर बाईकचा आवाज नव्हता. मी उठले नाही. शब्द दिला होता, आणि मुलीच्या अंगाची आग मला चादरीवरून कळत होती. खरं सांगते, त्या क्षणी ते इंजेक्शन द्यावं की देऊ नये हे मलाही कळेनासं झालं होतं.

डॉक्टर आले. सिस्टरला एक मिनिट थांबायला सांगून त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. मुलीच्या उजव्या कानाशी धरलं. "टिकटिक येतेय?"

"हो."

ते खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि डाव्या कानाशी धरलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी आणखी जवळ नेलं, जवळजवळ टेकवलंच. ती वाट बघत होती. मग तिने विचारलं, "बंद पडलं का?"

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं. "सिस्टर, ते परत ठेवा," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता नुसत्या सलाइनवर थांबायचं आहे. दुसरं औषध येईपर्यंत. ही जोखीम माझी."

जोखीम कोणाची होती ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मुलगी थंडीने हलू लागली. जाऊने आपल्या लुगड्याचा पदर तिच्या पायांवर ओढला आणि वर स्वतः वाकून बसली. सिस्टर दाराशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. त्यांनाच आधी आवाज आला.

भाऊजी आत आले ते मांड्यांपर्यंत चिखलात. ओलिताच्या शेतात बाईक रुतली होती, तिथल्या लोकांनी उचलून काढली. औषध त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. ते सिस्टरच्या हातात देऊन ते भिंतीला टेकले आणि विचारलं, "देल्ली काय?"

"नाही दिली," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले.

नव्या औषधाने ताप लगेच उतरला नाही. दुसरा सगळा दिवस आम्ही तसाच काढला, आणि भाऊजी एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगतलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला घाम फुटला आणि तिने खायला मागितलं. लघवीचा रिपोर्ट नंतर आला, नवं औषध त्या जंतूंना चालणारं होतं. पण त्या संध्याकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी बरोबर होते असं मी आजही म्हणत नाही.

कान परत आला नाही. नागपूरला तपासणी केली तेव्हा डाव्या कानाचे उंच आवाज गेलेले निघाले, उजव्याचे अगदी थोडे. तिथेच थांबलं. त्या संध्याकाळची तिसरी सुई आणि तिच्या पुढच्या सुया लागल्या असत्या तर काय झालं असतं, ते मावशीकडे बघून मला माहीत होतं. पुढे तिच्या रक्ताचीही तपासणी झाली आणि ते एक अक्षर बदललेलं सापडलं.

म्हणून आता तुमच्यासाठी. तुम्हा दोघांमध्ये ते अक्षर आहे. त्याने रोजच्या जगण्यात काही अडत नाही. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि त्या कुळातली सगळी औषधं तुम्हाला चालत नाहीत, हे प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायचं. ताप असला तरी सांगायचं, आणि ताप आल्यावर बोलता येईलच असं नाही म्हणून सोबतच्या माणसालाही सांगून ठेवायचं. दादा, तुझ्या मुलांना तुझ्याकडून हे जाणार नाही. ताई, तुझ्या सगळ्या मुलांना जाईल, मुलगा असो की मुलगी. आणि कोणी विचारलं की तुमच्या घरात कोणाला काही आहे का, तर आडनाव धरून वर जाऊ नका. आईकडून जा, मग तिच्या आईकडून, मग तिच्या.

दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी आम्ही चालत एसटी स्टँडवर गेलो. भाऊजी पुढे, पिशवी घेऊन. रस्ता ओलांडताना ते तुमच्या आईच्या शेजारी आले आणि तिला काही तरी विचारलं, ती त्यांच्या उजव्या हाताला होती, डावा कान त्यांच्याकडे. तिने उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतली, तिच्या मागून फिरून पलीकडे आले आणि मग तेच विचारलं, ऊस खाशील काय. त्यानंतर कधीही, कुठल्याही लग्नात, शेतात, बाजारात, ते तिच्या उजव्या बाजूनेच चालले.